मायचं एक वाक्य, तीन फायली

माझ्या मायला एकच बातमी लेकरागणिक वेगळी सांगता यायची, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना सांगितलेली खरीच असायची.

समजा तिला ताप आला. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला ती फोनवर म्हणायची, "जराशी कसर हाय. तू सुट्टी नको काढू." एवढं ऐकलं की दादा सुट्टी टाकून दुसऱ्या दिवशी दारात हजर. नागपूरचा मधला, ज्याला मी नुसतं भाऊ म्हणतो, तो भित्रा. आजाराचा नुसता शब्द कानावर पडला की त्याचं पोट बिघडतं. त्याच्यापाशी ती तापाचं नावच काढायची नाही. विहिरीचं पाणी, शेजारच्यांची म्हैस, कोणाच्या पोरीची सोयरीक, असं सगळं सांगून झाल्यावर अगदी अलगद म्हणायची, "संत्रं पिकलं बाबू. येऊन जाजो." आमच्या वावरात बांधाला संत्र्याची दोन-चार झाडं आहेत. त्यांच्यावर फूलसुद्धा नसायचं तेव्हाही मायचं संत्रं पिकायचं. भाऊ काय समजायचं ते समजायचा आणि पिशवी घेऊन संत्री आणायला निघायचा.

बहीण शेलूबाजारला दिलेली. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. तिच्या सासूचं आणि मायचं कधीच पटलं नाही, एकमेकींचं नाव निघालं तरी दोघी पदर सारखा करायच्या. म्हणून ज्या दिवशी माय फोनवर विचारायची, "तुह्या सासूचे गुडघे कसे हायेत?" त्या दिवशी बाई हातातलं काम टाकून जीप पकडायची. माय सासूची चौकशी करते म्हणजे घरी काहीतरी बिघडलंय, यात तिला शंका नसायची.

राहिलो मी, धाकटा. मी इंझोरीला मायपाशीच राहतो. मला सांगायची पाळी यायची नाही. "ऊठ लेका, डाक्टर आन," एवढंच.

मी पेशानं कॉम्प्युटर शिकवणारा. कारंज्याला माझा क्लास आहे. स्वभावानं मात्र मी माइकचा माणूस. आसपासच्या गावांत लग्न असलं की सूत्रसंचालन माझ्याकडे, आणि नवरदेवाचा मामा कसा चालतो याची नक्कलही माझ्याकडेच. तिन्ही भावंडांच्या नकला मी मायसमोर करायचो. दादा फोन उचलताना आधी खाकरतो, भाऊ "सगळं ठीक ना, ठीक ना" असं दोनदा विचारतो, बाई उचलल्याबरोबर पलीकडे कोणाला तरी "दूध पाह्य वं!" म्हणून ओरडते. माय हसत हसत खोकायची आणि म्हणायची, "अन् सोताची नक्कल कवा करशीन?"

ही सगळी मजा एका सकाळी संपली. माय न्हाणीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

मी बाईला फोन लावला, कारण ती जवळ होती आणि मायला बाईमाणूस लागणार होतं. बाई आली, आम्ही गाडी करून मायला अकोल्याला नेलं. भावाला दुपारी कळवलं. दादाचा फोन कामामुळे बंद होता, त्याला कळलं संध्याकाळी, तेही भावाच्या बायकोकडून.

मायला घरी आणलं त्या दिवशी दादा आला. अंगणात उभा राहिला. चप्पल काढली नाही.

"पयले कोनाले सांगतलं?" त्यानं विचारलं.

"बाईले," मी म्हणालो. "ती जवळ होती दादा."

"मोठा कोन हाय या घरात?"

तेवढ्यात बाई आतून पाण्याचा लोटा घेऊन आली. "दादा, पानी घे पयले. मंग भांड."

दादानं पाणी घेतलं नाही. आमच्याकडे भांडण कितीही होवो, वाटण्या होवोत, कोर्टकचेरी होवो, दारात आलेला माणूस पाणी घेतो. वैऱ्याच्या दारातलंही घेतो. आपल्याच मायच्या अंगणात आपल्याच बहिणीच्या हातचा लोटा नाकारणं म्हणजे काय, हे समजायला आमच्याकडचाच माणूस पाहिजे. बाई लोटा घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं तो ओसरीच्या खांबाशी ठेवला, आणि तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता. कोणी उचलेना.

दादा मायपाशी बसला, तिचे पाय दाबले, रडलाही. पण जाताना बाईशी बोलला नाही, आणि पुढे कित्येक महिने बोलला नाही. त्यात भर म्हणजे मायच्या आजवरच्या वेगवेगळ्या बातम्या आता समोरासमोर आल्या. "मले तं म्हने कसर हाय!" "मले म्हने संत्रं!" "मले सासूचे गुडघे!" प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच खोटं सांगितलं, आणि घरात असणारा मी, म्हणजे हे सगळं माझंच कारस्थान.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी प्रोग्राम लिहिला.

प्रोग्राम अगदी साधा होता. सकाळी लॅपटॉप उघडला की तो मला विचारायचा: साखर किती, बीपी किती, झोप कशी, काय खाल्लं, आणि शेवटी, "आज माय काय म्हणाली?" मी उत्तरं टाकायचो, तो त्यांचा नीट परिच्छेद जुळवून बाहेर काढायचा. आता प्रोग्राम जे बाहेर काढतो ते सहसा एकाच जागी जातं, पडद्यावर नाहीतर एखाद्या फायलीत. पण एक छोटीशी आज्ञा आहे. ती मध्ये बसवली की तेच शब्द पडद्यावरही दिसतात आणि तुम्ही जितक्या फायलींची नावं द्याल तितक्या फायलींत त्याच वेळी लिहिलेही जातात. तिला टी म्हणतात. पाइप जोडताना एका धारेच्या दोन करायला जो तुकडा लावतात, त्याच्यावरून ते नाव पडलंय. मी तीन फायली केल्या: दादा, भाऊ, बाई. ज्याची फाईल त्याच्या मोबाईलवर आपोआप उमटायची. आधी कोणाला, नंतर कोणाला, हा प्रश्नच मिटला. तिघांना एकच मजकूर, एकाच वेळी.

मी बायकोला समोर बसवून उद्घाटन केलं. "सभ्य स्त्री-पुरुषहो," असं म्हणून एंटर दाबलं.

बायको म्हणाली, "याच्यापरीस तीन फोन लावले असते तं चहा तरी वेळेवर झाला असता."

आठवडा झाला नाही तोच बाईचा फोन आला. आधी "दूध पाह्य वं!" आणि मग मला, "काहून रे, कालची माय कुठी गेली?"

"म्हणजे?"

"आज उघडलं तं आजचंच दिसते. काल माय काय म्हने ते मले दुपारी पुन्ना वाचाचं होतं. नाई ना तिथं."

मी कपाळावर हात मारला. त्या आज्ञेला जुन्याखाली जोड असं सांगणारी एक खूण लावावी लागते. ती लावली नाही तर ती रोज जुनं पुसून नवं लिहिते. पोरांना ही गोष्ट मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवतो. मी खूण लावली. आधीच्या दिवसांची माय मात्र तिन्हीकडून गेली होती. एका जागी पुसली असती तर दुसरीकडून घेतली असती.

मग दादाचा फोन. खाकरला. "तुह्या त्या आज्ञेत तिघाइची नावं लिवा लागतेत ना?"

"हो दादा."

"पयलं कोनाचं हाय?"

मी त्याला समजावलं की क्रमाला काही अर्थ नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत तिन्हीकडे जातं. तो म्हणाला, "थे बरोबर हाय. पन पयलं कोनाचं हाय?" पहिलं त्याचंच होतं. तसं सांगितलं. तो खूश झाला. संध्याकाळी बाई म्हणाली, "माहं शेवटीच असन." शेवटी तिचंच होतं. मग मी रोज नावांचा क्रम फिरवणारी आणखी एक ओळ लिहिली. जो क्रम जगात कोणालाही दिसत नव्हता, तो मी इमानदारीनं रोज बदलत होतो.

पण घरात शांतता आली, हे खरं. तिघंही रोज वाचायचे. दादा आणि बाई अजून एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकच गोष्ट वाचत होते, आणि मला तेवढ्यावरही समाधान होतं.

फक्त मायची पंचाईत झाली.

"आज सगळ्यांसाठी एक वाक्य सांग," मी सकाळी तिच्या खाटेपाशी लॅपटॉप घेऊन बसायचो.

"कोनाले जाते हे?"

"सगळ्याइले."

"संगच?"

"संगच."

ती विचार करायची. तोंड उघडायची, पुन्हा मिटायची. "मोठ्याले म्हना..."

"माय, मोठ्याला जे जाईल ते बाईलाही दिसेल."

"अस्सं." ती छताकडे बघायची. "मंग राहू दे. जेवन झालं म्हना."

जेवण अजून व्हायचं असायचं. मी टाकायचो: आज माय म्हणाली, जेवण झालं. दुसऱ्या दिवशी: बरी हाओ म्हना. तिसऱ्या दिवशी पुन्हा जेवण झालं. जी माय शेजारच्या म्हशीवर अर्धा तास बोलू शकायची, तिला तिघांना मिळून सांगण्यासारखं दोन शब्दांच्या पुढे काही सुचत नव्हतं. मी तिला हसवायला दादाचं खाकरणं करून दाखवायचो. ती हसायची. मग म्हणायची, "थ्याले म्हना, सुट्टी..." आणि थांबायची. "राहू दे, राहू दे."

हिवाळा सरत आला. तुरी काढून झाल्या होत्या, हरभरा सोंगायला आला होता. माय जेवायची कमी झाली. पाय सुजले. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले वय झालं, घरीच ठेवा, बरं वाटेल तसं करा. साखर आणि बीपी मात्र मशीनवर रोज ठीकठाक यायचे. मी आकडे टाकायचो. आकडे बघून कोणालाही काही वाटलं नसतं.

एका सकाळी मी बसायच्या आधीच माय बोलली. "आज लिव."

"सांग."

"सगळ्याइले म्हना, या. संग या. मले सगळे एका जागी पाह्याचे हायेत."

मी टाकलं. आज माय म्हणाली: सगळे या. संग या. मला सगळ्यांना एका जागी पाहायचं आहे. पडद्यावर उमटलं, तिन्ही फायलींत उतरलं. पहिल्यांदाच तिला सगळ्यांसाठी एक वाक्य सापडलं होतं. मला भरून आलं, आणि तेवढ्यात मी माझ्या प्रोग्रामवर खूशही झालो.

तिघांनी वाचलं, आणि तिघांचेही फोन आले. दादा म्हणाला, "मी तं आत्ता निघतो. पन संग या म्हने ना माय? मधल्याले सुट्टी कवा भेटते थे पाह्यतो. एकटा आलो तं कायचं संग?" भाऊ म्हणाला, "ठीक ना, ठीक ना? दादाचं ठरू दे. मी पयले जाऊन बसलो तं दादा म्हनन, याले लय घाई." आणि बाई म्हणाली, "दादाची गाडी अथूनच जाते ना. फाट्यावर थांबून घेईन मले. थैली भरून ठेवली म्या. बोलत नाई तं नको बोलू, गाडीत तं बसू देईन." तिच्या आवाजात अशी आशा होती, की मायच्या बोलावण्यानं दादा गाडी थांबवील, ती मागे बसेल आणि कारंज्यापर्यंत केव्हातरी एखादा शब्द निघेल. मलाही ते हवं होतं.

तिघांच्या सुट्ट्या जुळवून रविवार ठरला. प्रत्येकजण दुसऱ्यासाठी थांबला होता, आणि कोणी चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. बोलावणंच तसं होतं.

त्या दिवसांत आमच्या इंझोरीच्या फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला की माय डोळे उघडायची. "कोन आलं?"

"रविवारी येतेत माय. सगळे."

"हौ," ती म्हणायची. पुन्हा हॉर्न वाजला की पुन्हा, "कोन आलं?"

बायको एकदा स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "बाईले तरी बलावा आजच. तासा-दीड तासाचं तं हाय."

"एकीला बोलावलं तर पुन्हा तेच सुरू होईल," मी म्हणालो. "आणि मायनंच संग म्हटलंय."

भाकर तव्यावर फुगली होती, ती बायकोनं बोटानं दाबली.

शुक्रवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन बसलो तर मायनं हात वर केला. हात फार वर गेला नाही. "हे मिट."

मी लॅपटॉप मिटला.

"आज त्याच्यात नको टाकू. तोंडानं सांगजो."

"सांगतो. काय?"

"मोठ्याले म्हना," ती थांबत थांबत म्हणाली, "सुट्टी नको काढू."

मी तिच्या जवळ सरकलो.

"मधल्याले म्हना, संत्रं पिकलं."

"हो माय. आणि बाईला?"

तिच्या चेहऱ्यावर तिचं ते जुनं, खोडकर हसू आलं. "तिची सासू मेली ना रे मांगच्या साली. आता कायचे गुडघे पुसू?"

मी हसलो. खरंच हसलो. तीही हसली, आणि खोकली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

"बाईले," ती म्हणाली, "तिले पयले सांगजो. सोता जाऊन. थे लोटा धरून उभी राह्यली होती."

"आत्ता फोन लावतो तिघांना," मी म्हणालो. फोन ओसरीत चार्जिंगला होता. मी उठलो, ओसरीत गेलो, वायर काढली. आतून बायकोनं हाक मारली. "अहो," एवढंच. तिच्या त्या एका शब्दात सगळं होतं. मी फोन हातात घेऊन आत आलो आणि तो तसाच हातात राहिला.

थोड्या वेळात घर माणसांनी भरलं. विहारातून पांढरं वस्त्र आलं, कोणी मेणबत्त्या आणल्या. शेजारचे काका, जे आमच्या आळीतलं सगळं मार्गी लावतात, ते म्हणाले, "मोठ्याले फोन केला का?"

"नाही."

"कर ना लेका! पुन्याहून याले टाईम लागते. पयले त्याले, मंग मधल्याले. बाई तं जवळच हाय, तिले मांगून सांगता येते."

"काका, पयले बाईला सांगायचंय. मी जाऊन येतो."

"येडा झाला का तू? मोबाईल खिशात हाय अन् शेलूबाजारले चालला?"

मी मोटारसायकल काढली. माझ्यासारख्या बोलक्या माणसाला आयुष्यात इतका लांब रस्ता कधी लागला नव्हता. वाटेत दोनदा खिशातला फोन वाजला. एकदा थांबून बघितला, तर दादा. रविवारचं विचारत असेल. मी उचलला नाही. उचलला असता तर मला आवाजावरून लपवता आलं नसतं, आणि मायचा शब्द गेला असता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा सोंगायला माणसं वाकली होती. एका ठिकाणी बायका बांधावर बसून न्याहारी करत होत्या. मी जाताना एकीनं हात केला, मला ओळखत असावी, कोणत्यातरी लग्नातला माइकवाला म्हणून.

बाईचं घर फाट्याच्या अलीकडेच आहे. ती ओट्यावर बसून तूर पाखडत होती. तिच्या मागे भिंतीशी कापडी थैली टेकवून ठेवलेली दिसली, तोंड सुतळीनं बांधलेलं. मला बघून तिचा सुपातला हात थांबला.

"आज फाईल नाई आली," ती म्हणाली.

मी गाडी स्टँडला लावली. स्टँड नीट लागेना.

"काहून आला तू? रविवारी दादाची गाडी येते ना?"

मी ओट्यापाशी गेलो. लग्नात दोन हजार माणसांसमोर ज्याचा शब्द अडखळला नाही, त्याला तोंड उघडता येईना.

"माय काय म्हने?" बाईनं विचारलं.

"दादाले म्हना, सुट्टी नको काढू. भाऊले म्हना, संत्रं पिकलं."

बाईनं सूप बाजूला ठेवलं. अगदी सावकाश, एकही दाणा सांडू न देता. "अन् मले?"

"तुले पयले सांगजो म्हने. सोता जाऊन."

"मंग सांग ना," ती म्हणाली. तिला कळलं होतं. ती माझ्याकडे सरळ बघत होती, परीक्षेत उत्तर विचारणाऱ्या मास्तरणीसारखी. "सांग. आला ना सोता?"

"बाई, माय गेली."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "दादाले सांगतलं?"

"नाही. पयले तुले."

मग ती रडली. ओट्यावर बसूनच, दोन्ही हात तुरीत घालून. आजूबाजूच्या बायका धावत आल्या. मी पायरीवर बसलो आणि रडलो.

शांत झाल्यावर तिनं माझ्याकडून फोन घेतला. "दादाले मीच सांगतो," म्हणाली. कित्येक महिन्यांत तिनं त्याचा नंबर लावला नव्हता. पलीकडून दादाचं खाकरणं मला ऐकू आलं. त्याला वाटलं मीच आहे.

"दादा," बाई म्हणाली, "माय म्हने, सुट्टी नको काढू."

दादानं माझं नाही, तिचं नाव घेतलं. लहानपणी हाक मारायचा ते. तिनं डोळे मिटून फोन कानाला तसाच धरून ठेवला. भावाला तर तिनं संत्र्याचं म्हटलं आणि त्यानं "ठीक ना" विचारलंच नाही. म्हणाला, "निघालो."

बाईनं सुतळी सोडून थैलीत एकदा हात घातला, मायच्या मऊ भातासाठी निवडून ठेवलेली तांदळाची पुडी काढली आणि ओट्यावरच ठेवून दिली. मग थैली उचलून माझ्या मागे बसली.

दोघं भाऊ दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पोचले. भाऊ कारंज्याला थांबला होता, दादाची गाडी आल्यावर दोघं तिथून पुढे बरोबरच आले. संग आले. आळीतली माणसं अंगणात बसली होती. मायला ओसरीत ठेवलं होतं, पांढऱ्या वस्त्रात, उशाशी मेणबत्ती. भाऊ सरळ तिच्याकडे धावला.

दादा अंगणात थांबला, मागच्या वेळी उभा होता त्याच जागी. सगळ्यांकडे बघितलं. काका घसा साफ करून माझ्या बाजूनं काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात दादानंच विचारलं. आवाज बसलेला होता.

"पयले कोनाले सांगतलं?"

मी उठायला लागलो. पण खांबाशी बसलेली बाई माझ्या आधी उभी राहिली.

"मले," ती म्हणाली.

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं वाकून चपला काढल्या, एक एक करून, आणि ओसरीच्या पायरीवर बसला.

"बरं केलं," तो म्हणाला. "पानी दे."